उरलेल्या उन्हाची टाकी

एका गावात एक भोळा बाप होता. नाव परसू. बाप होऊन त्याला सातच दिवस झाले होते. भोळा तो जन्मापासूनच होता.

घराच्या गच्चीवर सोलरची पॅनेलं होती आणि शेजारी हीटर बसवलेली पाण्याची टाकी. गावातली वीज रोज पहाटे जायची. नेमकी त्याच वेळी शेवंताआजी बाळाला न्हाऊ घालायला यायची. म्हणून परसूची बायको वच्छला म्हणाली, "अहो, दुपारी पॅनेलांची वीज उरते. उरलेलं वाया घालवायचं नाही. गरम करून टाकीत ठेवायचं. सकाळी कामाला येतं."

परसूनं मान हलवली. शिकला.

त्यानं दुपारी पाणी तापवलं. रात्रीच्या गारठ्यात ते निवलं. तेल लावलेलं बाळ गॅसवर पाणी तापेपर्यंत कुडकुडलं आणि एकदा शिंकलं. वच्छलानं मोजलं.

"माझंच सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "तापलेल्या वस्तूला गोधडी गुंडाळायची. ऊब टिकते."

परसूनं मान हलवली. शिकला.

दुसऱ्या दुपारी त्यानं पॅनेलाला हात लावला. चटका बसला. तापलेली वस्तू! त्यानं टाकीला एक गोधडी गुंडाळली आणि पॅनेलांवर चार घातल्या. पाणी तापलंच नाही. बाळ दोनदा शिंकलं.

"अहो, पॅनेलं उन्हावर चालतात! गच्चीवर असं झाकायचं नाही. ऊन लागू द्यायचं. जाऊ दे, मीच नीट सांगितलं नाही."

परसूनं मान हलवली. शिकला.

तिसऱ्या दिवशी त्यानं पॅनेलं उघडली. मग टाकीची गोधडी काढली, झाकणही काढलं. टाकीसुद्धा गच्चीवरच होती ना! सकाळी पाणी गार, वर कावळ्याचं पीस. बाळ तीनदा शिंकलं.

वच्छला रडकुंडीला आली. तिनं कागदावर लिहून दिलं: पॅनेलं उघडी, टाकी झाकलेली. परसूनं कागद खिशात ठेवला. दोन दिवस नळाला वाफाळतं पाणी आलं. एक शिंक नाही.

"सुधारला गं तुझा नवरा," शेवंताआजी म्हणाली. दृष्टच लागली म्हणायची.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. शेवयांची खीर मात्र अर्धं पातेलं उरली. थकलेली वच्छला म्हणाली, "अहो, उरलेल्या खिरीचं तेवढं बघा. वाया जायला नको."

परसूनं मान हलवली. हे तर तो आधीच शिकला होता.

सकाळी शेवंताआजी मोरीत पाय पसरून बसली. बाळाला पायांवर घेतलं. नळ सोडला. वाफ आली. मागून वेलचीचा वास आला. पण तोवर तांब्या ओतून झाला होता. बाळाच्या पोटावर शेवया.

"अगं बाई!"

वच्छला धावत आली. बाळ शिंकलं नाही. मिटक्या मारत होतं.

परसू दारात छाती फुगवून उभा होता. "उरलेलं टाकीत ठेवलं. टाकी झाकली, पॅनेलं उघडी. अजून गरम आहे बघ! आता सांग, या खेपेला काय राहिलं?"

वच्छला बाळाच्या पोटावरच्या शेवया वेचू लागली.

शेवंताआजीनं बोट चाटून पाहिलं.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.