मध्ये काहीच नाही

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका आम्रवनात सांगितली. नंदिसेन नावाच्या श्रेष्ठीने ते वन संघाला दान दिले होते. दिले खरे, पण काही माणसांचा हात दिलेल्या वस्तूवरून लवकर निघत नाही. आपला रथ थेट विहाराच्या दाराशी जावा म्हणून त्याने वनाच्या मधोमध सरळ वाट काढायचे ठरवले आणि तोडायच्या आंब्यांवर चुन्याच्या खुणाही करवून घेतल्या. भिक्षूंमध्ये कुजबुज सुरू झाली. तेव्हा सोमिल नावाचा भिक्षू म्हणाला, "एवढं काय बिघडतं? दोन्ही बाजूंना वन राहतंच आहे. जाते ती मधली एक ओळ."

हे शास्त्यांच्या कानावर पडले. ते म्हणाले, "सोमिल, हे तू आज पहिल्यांदाच बोलत नाहीस. पूर्वीही बोलला होतास." श्रेष्ठी समोरच बसला होता. त्याच्या देखत त्यांनी गतकाळातली गोष्ट सांगितली.

गोदावरीच्या काठी अश्मक देशात पोतन नावाचे नगर होते. तिथे राजा सुनाभ राज्य करीत असताना, नगरामागच्या डोंगरावरील दाट रानात बोधिसत्त्व शेकरू होऊन जन्माला आला होता. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी तांबूस खार, झुपकेदार शेपटीची. ते सहसा जमिनीला पाय लावत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उडी, हाच त्याचा रस्ता. त्या रानात हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडे एकमेकांच्या फांद्यांत फांद्या घालून उभी होती. डोंगराच्या अंगाला हिरड्याचे रान आणि खाली ओढ्याकाठी उंबरांचे. हिवाळ्यात वर राहावे आणि उन्हाळ्यात वरचे रान वाळले की ओढ्याकडे उतरावे, असा सगळ्या प्राण्यांचा शिरस्ता होता. हा शिरस्ता त्यांना कोणी शिकवला नव्हता आणि कोणत्याही राजाने तो मंजूर केलेला नव्हता.

राजा सुनाभ दयाळू होता. आपण दयाळू आहोत हे त्याला माहीतही होते, आणि पंचाईत तिथेच होती. त्याने ते रान अभयारण्य म्हणून जाहीर केले. बाण सोडायचा नाही, फासे लावायचे नाहीत. वेशीवर तसा शिलालेखही लावला. मग त्याला वाटले, एवढी दया केली, ती डोळ्यांनी बघायला नको का? रथातून रान बघता यावे म्हणून रुंद राजमार्ग हवा, आणि तोही रानाच्या पोटातून.

शंकुक नावाचा अमात्य होता. उंटावरचा शहाणाच तो. त्याने काठी घेऊन जमिनीवर आकृती काढली आणि म्हणाला, "महाराज, रानाचे सोळा भाग केले तर मार्गाला लागतो एकच भाग. पंधरा भाग प्राण्यांना मोकळे. शिवाय जेवढी झाडं तोडू तेवढी उत्तर वेशीबाहेर ओळीनं लावू. फुलांची लावू, दिसायलाही बरी."

राजाने एकच अट घातली: ज्या झाडावर कोणाचे घरटे वसलेले असेल ते तोडायचे नाही. आता शेकरू काही एका घरट्यावर भागवत नाही. एक निजायला, एक पिलांसाठी, एक घार आली तर पळून जायला, अशी त्याची पाच-सहा घरटी असतात. राजाचे लोक झाडाच्या बुंध्यावर दांडा आपटत, वरून कोणी डोके काढले नाही की "रिकामं आहे" म्हणत आणि कुऱ्हाड घालत. घर रिकामे दिसते म्हणून ते बेवारस असते काय? शेजारी गावाला गेला तर आपण त्याचे घर पाडतो का? पण हे विचारायला तिथे कोणी नव्हते. माघ महिन्यात मार्ग तयार झाला. दोन रथ शेजारून जातील एवढा रुंद, आणि वर स्वच्छ मोकळे आकाश. राजाच्या छत्रावर पाने पडू नयेत म्हणून कडेच्या झाडांच्या फांद्याही छाटून टाकल्या होत्या.

झाडे पडली त्या दिवशी बोधिसत्त्व खाली उंबरांच्या रानात होता. त्याची सहचरी पिंगला वर, हिरड्याच्या रानात, नुकत्या डोळे उघडलेल्या पिलापाशी होती. संध्याकाळी तो परत निघाला आणि शेवटच्या फांदीवर येऊन थांबला. पुढे फांदी नव्हती. समोर मार्गाच्या अगदी काठावरच्या ऐनावर पिंगलाचे घरटे दिसत होते. पाच घरट्यांपैकी तेवढेच उरले होते.

तो जमिनीवर उतरला. पण मार्गावर माणसे आली होती, तशी त्यांच्या मागोमाग रखवालदारांची कुत्रीही आली होती. अर्धी शेपटी त्यांच्या तोंडात सोडून तो कसाबसा झाडावर परतला. त्यानंतर रोज सकाळी तो या काठावरून हाक घाली आणि पिंगला त्या काठावरून उत्तर देई. फाल्गुन गेला, चैत्र लागला. वरचे रान वाळले. ओढा, उंबर, ओलावा सगळे अलीकडे, आणि तहानलेले प्राणी पलीकडे. हरणे मार्ग ओलांडायला जात आणि चाकाखाली येत. बेडकांचे तर कोणी मोजलेही नाही. पिंगलाची हाक दिवसेंदिवस बारीक होत गेली. ही सगळी मरणे अभयारण्यात घडत होती. शिलालेख जागेवर होता आणि एकही बाण सुटला नव्हता!

दर चैत्री पौर्णिमेला राजा रानाच्या वेशीवर अभयदानाचा उत्सव करी. यंदा तो पहिल्यांदाच नव्या मार्गावर होता. राजाचा रथ पुढे चालला होता, आणि मागून गुळाच्या व धान्याच्या गाड्या मूठमूठ खाऊ मार्गावर टाकत येत होत्या. तो खायला प्राणी मार्गावर येत होते आणि मागच्याच गाड्यांखाली सापडत होते. उत्सवाचा एक जुना रिवाज होता. रथासमोर जो प्राणी पहिल्यांदा येईल त्याला मागेल ते द्यायचे. आता रानातला प्राणी कशाला येतोय राजासमोर? म्हणून शंकुक दरवर्षी राजवाड्यातलेच एक माणसाळलेले हरिण गळ्यातली घंटा काढून झाडीत उभे करी आणि वेळेवर पुढे ढकली. हरिण मान हलवी. शंकुक सांगे, "महाराज, ते म्हणतंय, आपला जयजयकार असो." लोक टाळ्या वाजवत.

त्या वर्षी राजा येणार म्हणून कुत्री बांधून ठेवली होती. बोधिसत्त्वाने ते पाहिले. हरणाला ढकलण्याआधीच तो झाडावरून सरसर उतरला आणि मार्गावर आला. पलीकडचा ऐन आता फार दूर नव्हता. पिंगला घरट्यातून वाकून बघत होती. चार उड्या मारल्या असत्या तर तो तिच्यापाशी पोचला असता. पण तो मार्गाच्या मध्यावर थांबला आणि रथाकडे तोंड करून उभा राहिला.

राजा हरखला. "शेकरू! जमिनीवर! बघा, आभार मानायला आलंय."

"महाराज, मी आभार मानायला आलो नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तुमच्या दयेनं आम्ही मरतोय, ते सांगायला आलो आहे."

राजाचा चेहरा उतरला. "मी एक जीव मारलेला नाही. रानातलं काही नेलंही नाही. एवढीशी मधली पट्टी घेतली."

"सोळातला एक भाग," शंकुकाने लगेच पुरवणी जोडली.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला:

"दोर मधूनच वीतभर कापला, विहीर तशीच भरलेली;
पोहरा राहिला तळाशी, अन् घागर काठी वाळलेली."

"अमात्य, उरलेला दोर केवढा लांब आहे हे तुम्ही त्या तहानलेल्याला मोजून दाखवता आहात."

शंकुकाला ते झोंबले, पण राजासमोर तो हसला. "अरे, एवढंच ना? तुझी बायको पलीकडे आहे, होय ना? तुला टोपलीत घालून आत्ता पलीकडे ठेवतो. मिटलं!"

बोधिसत्त्वाने पलीकडे पाहिले. पिंगलाने हाक दिली. ती इतकी बारीक होती की रथाच्या घोड्यांनीही कान हलवले नाहीत. त्याचा जीव तिकडे ओढ घेत होता. त्याने नजर वळवली आणि म्हणाला, "मला टोपलीत घालाल. हरणांना कशात घालाल? ज्याला बोलता येत नाही, त्याला कशात घालाल? महाराज, मी पहिला आलो आहे. मागेल ते द्यायचा तुमचा शब्द आहे. या मार्गाच्या रुंदीची एक पट्टी तुमच्या राजवाड्याच्या मधून आखा. वाड्यातलं काही नेऊ नका, काही पाडू नका. फक्त उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत ती कोणीही ओलांडायची नाही."

राजा मोठ्याने हसला. एवढेच मागणे? त्याने शेकराला रथात घेतले, रथ वळवला आणि तो नगराकडे निघाला. मागच्या गाड्या गूळ टाकत टाकत सावकाश येत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शंकुकाने स्वतः राजवाड्यात चुन्याच्या दोन रेघा मारल्या. मार्गाएवढी रुंद, बरोबर मोजून; वाड्याचाही सोळातला एकच भाग. पट्टीवर भालेकरी उभे राहिले. जो जिथे होता तिथेच राहिला. मुदपाकखाना आणि विहीर एकीकडे पडली. राजा आणि राणी क्षेमावती दुसरीकडे. राणी पहाटे देवपूजेला उठून गेली होती आणि तान्हा राजपुत्र पाळण्यात निजलेला होता. पाळणा मुदपाकखान्याच्या बाजूला राहिला. शंकुकही त्याच बाजूला राहिला होता. योगायोग, दुसरे काय!

प्रथम सगळ्यांना गंमत वाटली. मग ऊन चढले. राजाला तहान लागली. विहिरीचा रहाट दिसत होता, पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी येत नव्हते. पलीकडे शंकुक जेवायला बसला. आणि मग राजपुत्र जागा झाला. दाईने त्याला मांडीवर घेतले, पण त्याला आई हवी होती, दूध हवे होते. तो रडू लागला. राणी धावत पट्टीपाशी आली. भालेकऱ्यांनी भाले आडवे धरले. राजा बोले, दळ हाले. त्यांना हुकूम होता.

"सोडा मला! पलीकडे माझं लेकरू भुकेनं रडतंय!" राणी म्हणाली.

"राणीसाहेब, हुकूम नाही."

राणीने राजाकडे पाहिले. "मध्ये काय आहे हो? भिंत आहे? खंदक आहे? आग आहे? काहीच नाही! मध्ये काहीच नाही, आणि तरी मला माझ्या बाळापाशी जाता येत नाही!"

बाळ रडून रडून निळे पडले. राजा उठला, पण सूर्य अजून डोक्यावर होता आणि शब्द दिलेला होता. त्याने खांबावर बसलेल्या शेकराकडे पाहिले.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, तुम्हाला सूर्यास्ताची तरी आशा होती. आम्हाला माघापासून तीही नाही. पण बाळानं काय केलंय? माझं मागणं मी परत घेतो. रेघ पुसा."

राणीने भाल्यांखालून धाव घेतली. राजाने आपल्या उपरण्याने चुना पुसला. पुसता पुसता तो रडला. मग त्याने हुकूम दिले. रथ डोंगराच्या पायथ्याने, वळसा घालून जातील. मार्गावर तोडली तीच झाडे, हिरडा, ऐन, किंजळ, पुन्हा लागतील. आणि ती मोठी होईपर्यंत हत्ती बांधायचे जाड दोर या काठच्या झाडांवरून त्या काठच्या झाडांवर बांधले जातील. शंकुक लगबगीने म्हणाला, "महाराज, ही दया शिलालेखावर कोरू या."

"काही कोरायचं नाही," राजा म्हणाला. "आधीचाही काढून टाका."

त्याच दुपारी राजा स्वतः रानात आला. त्याच्या समोर पहिला दोर बांधला गेला आणि बोधिसत्त्व त्यावरून धावत ऐनावर पोचला. घरट्यात पिलू होते. पिंगला नव्हती.

आदल्या दिवशी तिने त्याला मार्गाच्या मध्यावर उभे राहिलेले पाहिले होते. कुत्री बांधलेली आहेत हेही पाहिले होते. तो राजाच्या रथातून दूर जाऊ लागला, तशी ती आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर उतरली. चाकोरीत तांबड्या शेपटीचा एक झुपका पडलेला होता. त्यावर गूळ सांडला होता आणि मुंग्या लागल्या होत्या.

राजाने विचारले, "हिला कोणी मारलं? कोणाचा बाण?"

"बाण नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "तुमच्या गुळाची गाडी."

त्याने पिलाला तोंडात धरले आणि तो दोरावरून ओढ्याकडे, उंबरांच्या रानात गेला. त्याच्या मागून, ऊन उतरल्यावर, उरलेली शेकरे एकेक करून अलीकडे आली.

कथा संपवून शास्त्यांनी तेव्हाचे आणि आताचे जोडून दाखवले. "तेव्हाचा अमात्य शंकुक हा आजचा सोमिल. तेव्हाचा राजा हा समोर बसलेला नंदिसेन. पिलू तो राहुल. पिंगला ती राहुलमाता. आणि पलीकडे जायचे सोडून मार्गात थांबलेले ते शेकरू मीच होतो."

नंदिसेन उठला. त्याचा रथ वनाबाहेर उभा होता, तो त्याने रिकामाच परत पाठवला. मग खांद्यावरचे उपरणे ओले करून तो पहिल्या आंब्यापाशी गेला आणि बुंध्यावरचा चुना घासून काढू लागला. थोड्या वेळाने सोमिलही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. झाडे पुष्कळ होती.

आपले माणूस पलीकडून हाक मारत असताना सगळ्यांसाठी मध्ये थांबणे, आणि ज्याने आपल्याला आपल्या बाळापासून तोडले त्याच्या बाळासाठी रेघ पुसायला सांगणे, याला करुणा म्हणतात. गूळ वाटण्याला नव्हे.