पाच पायांच्या घोड्याचं मखर

"यंदा मखर मोडलं, तर मखर करणाऱ्यानं बायको-आईसह राज्य सोडायचं!"

भालचंद्रराजांनी हुकूम सोडला आणि राजवाड्याचा मखरकार नारोबा जागच्या जागी खाली बसला.

दर संक्रांतीला धाकट्या राजपुत्राचं, म्हणजे बाळराजांचं बोरन्हाण होई. गावातली बेचाळीस पोरं जमत. चौरंगांवर तिळाचे लाडू, हलवा, गुळाच्या वड्या मांडत आणि मागे नारोबा सुरेख मखर उभं करी. ते घटकाभरच सुरेख राही! दोन वर्षांपूर्वी पोरांनी मखरातल्या मोराचं एकेक पीस उपटून त्याची कोंबडी केली. गेल्या वर्षी तर अख्खं मखर लाडवांवर आडवं झालं.

"मखर पोरांच्या हाताशी हवं," महाराज म्हणाले. "दोरी बांधायची नाही. पहारेकरी ठेवायचा नाही. आणि सणाच्या दिवशी एकाही पोराला रागवायचं नाही, अशी राणीसाहेबांची ताकीद आहे!"

"लोहाराकडून लोखंडाचं करून घेऊ, सरकार?"

"लाडवांमागं तुरुंग उभा करतोस?"

नारोबा घरी आला. त्यानं हकिगत सांगितली, आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दोघं मिळून भांडी बांधायला लागली. घरात तिसरं माणूस होतं, तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सगुणा. नव्या सुनेचं मत विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. त्यामुळे तिला विचार करायला भरपूर वेळ मिळे.

"आत्याबाई, परात राहू द्या," ती सासूला म्हणाली. "खळ शिजवायला लागेल."

"खळ कशाला गं? आता काय चिकटवायचंय, कपाळ?"

सगुणा थेट दरबारात गेली.

"सरकार, बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी ती बेचाळीस पोरं माझ्या हवाली करा."

"का? मोडायचा सराव करून घेतेस?" महाराजांनी विचारलं. दरबार खदखदून हसला.

"सरकारांच्या अटींत याला मनाई असेल, तर राहू द्या."

महाराजांनी अटी बोटांवर मोजून पाहिल्या. मनाई नव्हती!

बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी नारोबानं कामट्यांची चौकट बांधली, तिच्यावर सणाचं काळं कापड ताणलं. सगुणानं मध्ये परातभर खळ ठेवली, भोवती रंगीत कागद आणि कापूस मांडला आणि पोरांना म्हणाली, "हं, लावा काय हवं ते! ज्यानं लावलं, ते त्याचं."

मग जे काही झालं, त्याला मखर म्हणायचं धाडस फक्त सगुणाकडेच होतं. हत्ती उंदराएवढा आणि उंदीर हत्तीएवढा! सरदारांच्या मुलानं नुसता एक काळा ठिपका लावला.

"हे काय रे?"

"कावळा आहे. लांब गेलाय."

कुंभाराच्या सहा वर्षांच्या गोदीनं पाच पायांचा घोडा केला.

"पाचवा पाय कशाला गं?"

"एखादा दमला, तर!"

नारोबाच्यानं बघवेना. घोडा सरळ करायला त्यानं हात पुढे केला.

"हात लावू नका हो!" सगुणा पटकन म्हणाली. "तुम्ही सरळ केलात, की तो तुमचा झाला. मग संपलंच!"

बोरन्हाणाचा दिवस उजाडला. चौरंग मांडले, मागे मखर उभं राहिलं. नारोबाची आई गाठोडं घेऊनच आली होती, निघायला सोयीचं म्हणून. बाळराजांच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतले, आणि सगळी पोरं एकदम तुटून पडली. लोंढा लोळत लोळत मखरापाशी आला. नारोबानं डोळे मिटले.

"ए, ढकलू नको! माझं माकड आहे तिथं!"

"मागे सरक! कावळा चुरगळेल!"

लोंढा थबकला. वळसा घालून लाडवांकडे गेला. बाळराजांनी एका सशाचं शेपूट धरलं, तर सशाच्या मालकिणीनं हळूच मूठ सोडवून त्यांच्या हातावर वडी ठेवली. रागावली नाही, काही नाही!

उन्हं उतरली तेव्हा महाराज आले. मखर जसंच्या तसं! ते जवळ गेले, वाकून पाहू लागले आणि त्यांची नजर घोड्यावर अडली.

"पाच पाय? हा जादा कुणी चिकटवला?" असं म्हणत त्यांनी पाय उपटायला हात घातला.

फट्! महाराजांच्या हातावर चापट बसली.

चुरमुरे चावणारा दरबार चावायचा थांबला.

"माझा घोडा आहे!" गोदी म्हणाली.

"मी कोण आहे, ठाऊक आहे का?"

"मोठे आहात ना? मग कळत नाही?"

महाराजांनी सगुणाकडे वळून डोळे वटारले. "पहारेकरी ठेवायचा नाही, असं ठरलं होतं! ही कोण?"

"पहारेकरी एकही नाही, सरकार," सगुणा शांतपणे म्हणाली. "हे बेचाळीस मालक आहेत! मालकानं आपल्या मखरापाशी उभं राहू नये, अशी तुमची अट नव्हती."

महाराज असे हसले, की पागोटं निसटून हलव्यात पडलं!

त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून सगुणाला दिला. "राजवाड्यातली सगळी मखरं यापुढे तुझ्याकडे! नारोबा, तू कामट्या बांध!"

"तेच करतोय, सरकार," नारोबा म्हणाला आणि आईच्या हातातलं गाठोडं हळूच मागे सारलं.

"अजून खळ आहे का गं?" महाराजांनी हलक्या आवाजात विचारलं.

होती. त्यांनी पिवळा कागद फाडून सिंह केला आणि गोदीला विचारून तिच्या घोड्याशेजारी चिकटवला. पोरांनी त्याला मांजर म्हटलं. महाराजांनी तेही ऐकून घेतलं.

लाडू संपले, पोरं घरी गेली, चौरंग उचलले. कारभारी मखर उतरवायला चार नोकर घेऊन आले, तर भालचंद्रराजे दोन्ही हात पसरून मखरापुढे उभे!

"खबरदार! माझा सिंह आहे तिथं!"