नखभर मोठं कडं

ठकूच्या घरी भट्टी होती, भाता होता, पितळ वितळवायची मूसही होती. नव्हती ती आईची नजर. भट्टीच्या धगीनं ती हळूहळू गेली आणि ओतकाम थांबलं. आता ठकू टेकडीखालची करवंदं विकायची आणि मायलेकी कशाबशा पोट भरायच्या.

एके दिवशी करवंदाच्या जाळीमागून हुंदके ऐकू आले. ठकू पाहते तर काय, एक इवलीशी परी! पंख मोरपंखी, झगा झेंडूसारखा पिवळाधम्मक आणि नाक रडून रडून लालेलाल.

"माझं एक कडं ओढ्यात वाहून गेलं गं," परी म्हणाली. "दोन्ही हातांत सारखी कडी असल्याशिवाय मला उडता येत नाही. पौर्णिमेपर्यंत घरी पोचले नाही, तर पंख गळून पडतील."

"रडू नकोस बाई. आम्ही ओतारी आहोत. हातातलं दे, तस्संच दुसरं करून आणते."

पण पितळ कुठलं आणायचं? ठकूकडे भातुकलीतला चिमुकला तांब्या होता, तेवढाच. जिवावर आलं, तरी तिनं तो मुशीत टाकला. आईनं भाता ओढला. परीच्या कड्याचा मातीत ठसा घेऊन ठकूनं साचा केला आणि लखलखतं पितळ ओतलं.

नवं कडं झकास निघालं. पण परीच्या हातात चढेचना! ठकूला रडूच कोसळलं.

घरी आईनं दोन्ही कडी चाचपली आणि ती हसली. "कड्यावरूनच साचा घेतलास ना? अगं वेडे, तापलेलं पितळ निवताना अंग चोरतं. नमुना नखभर मोठा करायचा असतो."

मग ठकूनं मेणाचं कडं वळलं, नखभर मोठं. त्यावर साचा केला, तेच पितळ पुन्हा वितळवून ओतलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी ते परीच्या हातात अलगद बसलं.

"आता माग काय हवं ते," परी आनंदानं म्हणाली. "पण नियम ऐक. इच्छा एकच. तीही गरम निघते आणि निवताना आकसते. फार मोठी मागितलीस, तर तडकते."

आईला या जाळीपर्यंत दिसावं, असं ठकूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं जीभ चावली. जाळीच्या मागेच टेकडी होती.

"माझ्या आईला घरातून टेकडीच्या माथ्यापर्यंत दिसू दे."

परी खुदकन हसली. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड झगमगला आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

ठकू धावत सुटली. आई दारातच उभी होती, कपाळावर हात धरून.

"ठकू, त्या जाळीत आत्ता काय गं चमकलं?" आईनं विचारलं. मग तिनं लेकीकडे नीट पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "आणि तोंडाला ही केवढी काजळी! ये इकडे, पुसते."