नावाड्याची खाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा त्या नदीवर पूल नव्हता आणि पूल असावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. नदीकाठी एक गाव होतं, आणि गावाचा एक नावाडी होता. लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, आजारी माणसं, बाजाराची गाठोडी, सगळं त्यानं चाळीस वर्षं या काठावरून त्या काठावर नेलं. गावात असं एकही घर नव्हतं, ज्यातलं माणूस त्याच्या नावेत बसलं नव्हतं.

एके सकाळी नाव सोडता सोडता तो घाटावरच कोसळला. डावं अंग लुळं पडलं. हात उचलेना, पाय हलेना, चिमटा काढला तरी कळेना. वाचा मात्र शाबूत राहिली आणि उजवा हात चालत राहिला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. गावकऱ्यांनी त्याला उचलून त्याच्या एका खोलीच्या घरात आणलं आणि भिंतीला लागून असलेल्या खाटेवर निजवलं.

आता त्याचं करायचं कुणी? गाव गोळा झालं. गावाचा पाटील मनानं मोठा होता. तो म्हणाला, "ह्या माणसानं आपल्याला चाळीस वर्सं पार नेलं. आता आपली पाळी हाय. रोज एका घरानं त्याचं करायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी कुरकुर केली नाही. गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

त्या राज्यात राजाची एक वैद्यशाळा होती. तिथं शिकलेल्या बाया गावोगाव फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची काळजी घेत. या नदीकाठच्या सात गावांना मिळून एकच बाई होती. तिला सगळे वैद्यबाई म्हणत. रोज एक गाव, असं करत ती आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या गावात पोचायची. पायात वहाणा, खांद्याला झोळी आणि झोळीत तेल, चुना, पट्ट्या, असा तिचा संसार होता.

ती नावाड्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा तिनं त्याला तपासलं, अंग पुसून दिलं आणि पाळीच्या घरच्या बाईला नीट समजावलं. "यांना स्वतःला वळता येत नाही. एकाच कुशीवर पडून राहिले तर कातडी सडेल. देवळात प्रहराची घंटा वाजली, की यांची कूस बदलायची. एकदा तोंड दाराकडे, एकदा भिंतीकडे. आणि रोज पांघरूण काढून अंग पाहायचं. लाल डाग दिसला तर मी ज्या गावात असेन तिथं निरोप धाडा."

ती बाई हो म्हणाली. पाटीलही हो म्हणाला. नावाडीही हो म्हणाला, पण जरा चाचरत.

आता त्या गावाची एक रीत ऐका. घरी आलेल्या माणसाकडे पाठ करायची नाही. पाठ केली म्हणजे ऊठ आणि चालता हो, असं सांगितल्यासारखंच. भांडण झालं की लोक एकमेकांना शिव्या देत नसत, नुसती पाठ करत, आणि ती पाठ तीन पिढ्या लक्षात राहायची. भिंतीकडे तोंड करून निजायचं ते फक्त रुसलेल्यानं, नाहीतर मरायला टेकलेल्यानं.

नावाड्याची खाट भिंतीला लागून होती. भेटायला येणारा दारातून यायचा आणि खाटेच्या या बाजूला बसायचा, कारण दुसऱ्या बाजूला भिंतच होती. देवळातली घंटा वाजली. पहिल्या पाळीच्या बाईनं नावाड्याच्या खांद्याला हात लावला, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे ग पोरी. तू माझ्या घरी आलीयास आन् मी तुला पाठ दाखवू व्हय?"

बाईलाही ते पटलं. खरं तर तिला हायसंच वाटलं. परक्या पुरुषाला धरून वळवायचं, त्याचं अंग उघडं करून पाहायचं, याचा तिला संकोच वाटत होता. तिनं विचार केला, उद्याच्या पाळीला कुणी पुरुषमाणूस असेल, तो बघेल. दुसऱ्या दिवशी पुरुषमाणूस आला. त्याला वाटलं, हे बायकांचं काम, कालच झालं असेल. असा तो विचार एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिला.

जेवणात मात्र कुणी कसूर केली नाही. एका घरानं शेवयांची खीर नेली, तर दुसऱ्यानं पुरणपोळी नेली. तिसऱ्यानं साजूक तुपातला शिरा नेला आणि वाटेत चार जणींना झाकण उघडून दाखवला. हे मी कुत्सितपणे सांगत नाही. प्रेम होतंच. पण नेलेली खीर गावाला दिसते, बदललेली कूस कुणाला दिसते? प्रहराची घंटा वाजली की नावाड्याजवळ बसलेला माणूस कपाळाला हात लावून देवाला नमस्कार करायचा आणि गप्पा पुढे चालू व्हायच्या.

नावाडी डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून पडलेला असायचा आणि येईल त्याला हसून या म्हणायचा. डावं अंग बधिर होतं. त्यामुळे त्याला काही दुखत नव्हतं.

वैद्यबाई आठव्या दिवशी आली, तेव्हा त्याच्या डाव्या खुब्यावर लाल डाग होता. ती रागावली. तिनं त्याला उजव्या कुशीवर वळवलं, तेल लावलं, आणि त्या दिवशीच्या पाळीकऱ्याला खडसावलं. "सांगितलं होतं ना मी? मग का नाही केलं?" पाळीकरी खाली मान घालून उभा राहिला. उत्तरासाठी ती थांबली नाही. पुढच्या गावात एक भाजलेली बाई तिची वाट पाहत होती, आणि दिवस कलायला लागला होता. ती झोळी उचलून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर नावाडी म्हणाला, "मला फिरवा बाबांनो दाराकडं. ह्या भिंतीशी काय बोलू मी?" त्यांनी त्याला पुन्हा डाव्या कुशीवर केलं.

पुढच्या आठवड्यात त्या भाजलेल्या बाईची तब्येत बिघडली. वैद्यबाईला तिथंच दोन दिवस जास्त राहावं लागलं. वारांची गणितं चुकली. नावाड्याच्या गावी जायचं, तर एखादं दुसरं गाव सोडावं लागणार होतं. तेवढ्यात आठवड्याच्या बाजारात तिला पाटील भेटला.

"नावाडीबाबा कसे आहेत?" तिनं विचारलं.

"एकदम झकास," पाटील म्हणाला. "काल दीड पुरणपोळी खाल्ली. आन् गालांवर कशी लाली आलीया, बघाल तर वळखायचा न्हाईत."

वैद्यबाईचे पाय सुजले होते. तिला ते ऐकून बरं वाटलं. झकास आहेत, तर हा आठवडा जाऊ दे, असं तिनं ठरवलं. पुढच्या आठवड्यातही कुणाचा निरोप आला नाही, म्हणून तोही तिनं जाऊ दिला. गालांवरची लाली तापाचीही असू शकते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण दमलेल्या माणसाला चांगली बातमी तपासून घ्यावीशी वाटत नाही.

इकडे नावाड्याच्या खोलीत वास यायला लागला होता. लोकांना वाटलं, जुनं घर आहे, नदीची ओल आहे. कुणी ऊद जाळला. कुणी खिडकीत तुळशीचा डहाळा ठेवला. एका धनगरिणीची पाळी आली, तेव्हा तिनं स्वतः विणलेली नवीकोरी घोंगडी आणली आणि जुन्या पांघरुणावर अंथरली. नावाड्याला थंडी वाजत होती, अंग तापलं होतं. धनगरीण कनवाळू होती. खाली वाकल्यावर तिला वास आला, आणि तो ओलीचा नाही हे तिच्या लक्षात आलं. मेंढराच्या जखमेला कसा वास येतो, ते तिला ठाऊक होतं. तिचा हात पांघरुणाच्या कडेपर्यंत गेला. पण समोर बापाच्या वयाचा माणूस होता. तिला ते धाडस झालं नाही.

"बाबा, कुठं दुखतंय का तुमाला?" तिनं विचारलं.

"न्हाई ग माय," नावाडी म्हणाला. "कुठंच न्हाई दुखत."

ते खरंच होतं. धनगरीण घरी गेली. पण रात्रभर तो वास तिच्या मनातून जाईना. सकाळी उठून ती पाटलाला काही न विचारता तडक निघाली आणि दोन गावं पालथी घालून वैद्यबाईला घेऊन आली.

वैद्यबाईनं घोंगडी काढली. खालचं पांघरूण काढलं. धोतराची कड उचलली. डाव्या खुब्याला मूठ मावेल एवढी जखम झाली होती आणि तळाशी हाड दिसत होतं. दारात जमलेल्या लोकांनी तोंडाला पदर आणि उपरणी लावली.

धनगरीण रडायला लागली. "मी इचारलं हुतं, बाई. कालच इचारलं हुतं त्यांना."

"विचारलंस," वैद्यबाई म्हणाली. "पण पाहिलं नाहीस." आणि हे बोलता बोलताच तिला बाजारातला दिवस आठवला. तिनं स्वतः तर विचारलंही होतं दुसऱ्यालाच.

तिनं जखम धुतली. मग ती नावाड्याला म्हणाली, "बाबा, तुम्हाला तरी वास आला असेल ना? मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

नावाड्यानं दारातल्या लोकांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "येत हुता, बाई. पर सांगितलं असतं, तर कोन माझ्याजवळ बसलं असतं? चाळीस वर्सं नावंत मानसं असायची. मला रिकाम्या खोलीचं भ्या वाटतं."

"आणि कूस? दोन्ही खेपेला सांगितलं होतं मी. का नाही बदलू दिलीत?"

तेव्हा कुठं त्यानं तिला गावाची रीत सांगितली. घरी आलेल्या माणसाकडे पाठ कशी करायची? दारातल्या लोकांनीही माना डोलावल्या. हे तर सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिला, कारण ती परगावची होती, आणि का नाही केलं हे विचारून उत्तर ऐकायला ती थांबली नव्हती.

वैद्यबाईनं खाटेकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग ती उठली, खाटेचे पायथ्याचे दोन खूर धरले आणि धनगरिणीला उशाचे दोन धरायला सांगितले. दोघींनी मिळून खाट ओढून खोलीच्या मधोमध आणली. आता भिंत आणि खाट यांमध्ये चार माणसं बसतील एवढी जागा झाली. तिनं नावाड्याला हळूच उजव्या कुशीवर वळवलं आणि पाटलाला म्हणाली, "पाटील, इकडून फिरून या. भिंतीकडच्या बाजूला बसा."

पाटील खाटेला वळसा घालून गेला आणि भिंतीला टेकून बसला. नावाड्यानं डोळे उघडले, तर समोर पाटलाचं तोंड होतं. त्याची पाठ दाराकडे होती, पण दारात आता कुणीच उभं राहिलं नाही. सगळे एकेक करून या बाजूला आले.

नावाडी त्यांच्याकडे पाहत राहिला. मग खाटेकडे, मग मधल्या जागेकडे.

"एवढंच हुतं व्हय?" तो म्हणाला.

पाटलानं पुढं होऊन त्याचं पांघरूण सारखं केलं.

वैद्यबाई त्याच्या घरी मुक्काम ठोकून राहिली. बाकीच्या सहा गावांना तिनं निरोप धाडला. प्रहराची घंटा वाजली की आता दोन घरांतली माणसं धावत यायची आणि त्याची कूस बदलायची. जखम धुताना कुणी नाक मुरडलं नाही. पाटील स्वतः पाणी गरम करून द्यायचा. खोली भरलेली असायची. पण ताप हाडात मुरला होता. अकराव्या दिवशी, भरल्या घरात, धनगरिणीचा हात हातात असताना नावाडी गेला.

त्याला नदीकाठीच अग्नी दिला. धनगरिणीनं ती घोंगडी परत नेली नाही. वैद्यबाई दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेली. तिचे पाय पुढेही सुजत राहिले आणि सात गावांना ती एकटीच राहिली, पण त्यानंतर तिनं बाजारात कुणाला कुणाची तब्येत विचारली नाही. लवकर असो, उशिरा असो, ती घरी जायची, पांघरूण काढायची, आणि सांगितलेलं झालं नसेल तर "का नाही केलं" असं विचारून खाली बसायची. खडसावण्यासाठी नाही, उत्तर ऐकण्यासाठी.

त्या गावात आजही अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खाट भिंतीला लावत नाहीत. ती खोलीच्या मधोमध असते. पाळीवर येणारा माणूस हातातलं ताट खाली ठेवतो, आधी खाटेला एक फेरी घालतो, पांघरूण उचलून पाहतो, आणि मगच जेवायला वाढतो. परगावच्या पाहुण्यांना ती देवाची प्रदक्षिणा वाटते. गावकरी त्यांना खरं कारण सांगतात, आणि सांगताना अजूनही त्यांची नजर खाली जाते.

बोध एवढाच: सेवा करायची तर माणसाचं हसरं तोंड पाहून भागत नाही, तो ज्या कुशीवर निजला आहे ती कूस उचलून पाहावी लागते.