गैरहजरांचे हात

नाशिकच्या एका वॉटर प्युरिफायर कंपनीत कोठावदे साहेबांच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. ग्राहकांच्या सर्व्हेत जवळजवळ सगळेच खूश निघाले, तसं साहेबांनी फर्मान सोडलं, तक्रारी घेणारा कॉल सेंटरचा विभागच बंद करा आणि तिथली माणसं घरी पाठवा. आता सर्व्हेच्या अहवालावर सीनियर डेटा अ‍ॅनालिस्ट हेमांगी तारळेकरांची सही तेवढी बाकी होती.

भर मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांच्यापुढे पेन सरकवलं. "सही करा, नाहीतर राजीनामा लिहा."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तारळेकर मॅडमनी पेन उचललं, पण टोपण काढलं नाही.

"करते साहेब. त्याआधी तुम्ही एकदा विचारा, आज मीटिंगला कोण कोण आलेलं नाही, त्यांनी हात वर करा."

"डोकं ठिकाणावर आहे ना? जे आलेच नाहीत ते हात कसे वर करतील?"

"मग वैतागून आपल्याला सोडून गेलेले ग्राहक या सर्व्हेत तक्रार कशी करतील? आपण विचारलं ते फक्त टिकून राहिलेल्यांना."

साहेबांचा चेहरा पडला. ते पुटपुटले, "पण त्या सगळ्यांना आता फोन कोण करणार?"

"ज्यांना तुम्ही घरी पाठवताय, तेच," मॅडम म्हणाल्या आणि पेन साहेबांपुढे परत सरकवलं.