धाकट्याच्या दारावरचं निशाण

फार वर्षांपूर्वी एका संगणकात दोन प्रोसेसर शेजारी राहत, थोरला आणि धाकटा. ज्याला जे काम येतं त्याचं निशाण त्याने आपल्या दारावर लावायचं, आणि कर्नेल नावाच्या मुकादमाने ते पाहूनच कामं वाटायची, अशी तिथली रीत होती.

सांकेतिक मजकूर उलगडण्याचं निशाण थोरल्याच्या दारावर होतं, धाकट्याच्या नव्हतं. पण संगणक सुरू झाला की कर्नेल थोरल्याचं दार बघून तिथूनच मागे फिरे. एके दिवशी त्याने तसला मजकूर धाकट्यापुढे टाकला. धाकट्याला त्यातलं अक्षर कळेना, आणि अख्खा संगणक जागच्या जागी बंद पडला.

"नालायका, तुझ्यामुळे सगळ्यांचं काम बुडालं!" कर्नेल ओरडला.

धाकट्याचं डोकंच सणकलं. "मला हे येतं असं मी कधी म्हटलं होतं? एकदा तरी माझ्या दाराकडे बघायचंत की, मुकादम!"

संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा मात्र कर्नेल पहिल्यांदाच धाकट्याच्या दारापर्यंत आला. त्याने थोरल्यासारखंच एक निशाण तिथे ठोकलं, तोच मजकूर पुन्हा आत सरकवला आणि म्हणाला, "घे, आता तुलाही येतं."