घोडीच्या पाठीवरची झोप

नदीकाठच्या एका माळरानात एक पांढरी घोडी राहत असे. मुलांनो, तिची चाल काय सांगू तुम्हाला! गवतावरून वारा सरकावा तशी ती सरकायची. पाय हलताना दिसायचे, पाठ मात्र हलायची नाही. दुपारी उन्हाची गुंगी चढली की एक साळुंकी तिच्या पाठीवर येऊन बसायची, चोच पंखात खुपसायची आणि खुशाल झोपून जायची. पुढे मानेजवळ एक माकड आयाळ धरून बसलेलं असे. ते घोडीच्या अंगावरच्या गोचिडी वेचायचं आणि मधूनच डुलकी काढायचं. अशी ती तिघं अर्धवट झोपेत असल्यासारखी दिवस मावळेपर्यंत नदीकाठानं हिंडत.

त्या रानात दर हिवाळ्यात घोड्यांची जत्रा भरे. म्हातारी हत्तीण पंच असे. जो जिंकेल त्याला उन्हाळाभर नदीकाठचं हिरवं कुरण, बाकीच्यांना माळावरचं वाळकं गवत. रीतही ठरलेली होती. आधी सगळ्यांनी चालून दाखवायचं आणि शेवटी एक पाखरू पाठीवर बसवायचं. ज्याच्या पाठीवर पाखराला झोप लागेल, तो पहिला. त्या वर्षी जत्रेच्या आधी माकडानं डोंगरापलीकडचा एक घोडा पाहिला. तो पाय छातीपर्यंत उचलून नाचत होता आणि बघणारे टाळ्या पिटत होते. झालं! आधीच मर्कट, त्यात टाळ्यांची नशा. आपली घोडीही अशीच नाचली पाहिजे, असं त्यानं मनात घेतलं. पाखराची त्याला काळजीच नव्हती. साळुंकी काय, रोजच झोपते की!

घोडीला पाय उंच उचलता येईनात, तेव्हा त्या दीडशहाण्यानं बिब्बे फोडले आणि त्यांचं तेल काडीनं तिच्या खुरांच्या वर लावलं. बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. त्यावर त्यानं सागरगोट्यांच्या जड माळा बांधल्या. टाप पडली की माळा फोडांवर आपटायच्या आणि घोडी चटका बसल्यासारखी पाय वर उचलायची. "अरे, जमिनीवर पाय टेकवत नाही मला," ती म्हणाली. माकड म्हणालं, "जत्रेपुरतं सोस. कुरण मिळालं की मी स्वतः तुझ्या पायांना गार चिखल लावीन. तुझ्यासाठीच चाललंय ना हे?" इतक्या वर्षांचा दोस्त तो. घोडीनं विश्वास ठेवला, वेडीनं.

जत्रेत घोडी अशी नाचली की टाळ्या थांबेनात. माकडाची छाती फुगून फुटायचीच बाकी होती. मग हत्तिणीनं साळुंकीला बसायला सांगितलं. साळुंकी नेहमीच्या जागी बसली, तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. थोडी पुढे सरकली, थोडी मागे सरकली, पुन्हा डोळे मिटून पाहिले. शेवटी ती उडून हत्तिणीच्या कानाजवळ गेली. "पाय नाचताहेत, पण पाठ थरथरते आहे," ती म्हणाली. "हिला दुखतंय हो, आजी."

हत्तिणीनं सोंडेनं हळूच माळा सोडल्या. खालचे फोड सगळ्यांनी पाहिले आणि टाळ्या पिटणाऱ्यांनी माना खाली घातल्या. माकड चाचरत म्हणालं की हे सगळं आपण तिच्यासाठीच केलं. हत्तीण म्हणाली, "दुखणं तिचं आणि टाळ्या तुझ्या. मग तिच्यासाठी काय होतं रे?" कुरण एका ठेंगण्या तपकिरी तट्टाला मिळालं. त्याच्या पाठीवर साळुंकी बसल्याबसल्या पेंगली होती.

पांढरी घोडी कितीतरी दिवस नदीच्या गार पाण्यात नुसती उभी राहायची. माकडाला आता खरंच वाईट वाटत होतं. ते रोज ओंजळभर चिखल घेऊन यायचं. घोडीनं त्याला कधी लाथ मारली नाही, कधी ती घालून-पाडून बोललीही नाही. पण त्याचा हात जवळ आला की तिचा पाय आपोआप वर जायचा, छातीपर्यंत, अगदी त्यानं शिकवला होता तसा. तिथं टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. माकड चिखल काठावर ठेवायचं आणि लांब जाऊन रडायचं.

पुढे फोड बरे झाले. एका दुपारी घोडी पुन्हा वाऱ्यासारखी गवतावरून सरकू लागली आणि साळुंकी तिच्या पाठीवर चोच पंखात खुपसून झोपली. माकड मात्र मागून पायीच चाललं होतं. पाठीवर बस, असं घोडीनं म्हटलं नव्हतं आणि विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

तात्पर्य : वेदना देऊन कोणालाही नाचवता येतं, पण गेलेला विश्वास टाळ्यांनी परत येत नाही.